चारही भाषांत एकच शब्द

४ मे १९०५, गुरुवार

ही वही मालकांनी दिली. पूर्वी तिच्यात जळवांची नोंद होत असे. आता जळवा कोणी मागत नाही. लिहिलेली अकरा पाने मी कात्रीने कापून काढली. हाताने फाडली की शिवण सैल होते.

रोज लिहीन असे नाही. काही घडले तर लिहीन. मात्र जे लिहीन ते शुद्ध लिहीन.

माझे नाव ओनुफ्री, वय वीस. बोहोसेविच मालकांच्या औषधांच्या दुकानात मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहितो. औषधे बनवत नाही, ते शिकलेल्यांचे काम. मी जिल्ह्याच्या मोठ्या शाळेत तीन वर्षे काढली. मग बाबा प्रुत नदीत ओंडक्यांच्या तराफ्याखाली सापडले आणि शाळा संपली. नोकरीला ठेवताना मालकांनी विचारले होते, "औषधांची माहिती आहे का रे?" मी म्हणालो होतो, "थोडीफार." ती थोडीफार म्हणजे किती, हे त्यांनी अजून तपासलेले नाही. रोज सकाळी दुकानाच्या फळ्या काढताना मला त्याचीच धास्ती असते.

९ मे, मंगळवार

वरच्या कचेरीचा हुकूम आला आहे. ज्या औषधात अफू आहे त्या प्रत्येक बाटलीवर तसे लिहायचे, आणि आपल्या बुकोविना प्रांतात लोक ज्या भाषा बोलतात त्या सगळ्या भाषांत लिहायचे. म्हणजे जर्मन, पोलिश, रुमानियन आणि आमची रुथेनियन. मालकांनी हुकूम माझ्यासमोर ठेवला.

"घे पंडित. तुझ्यासाठीच काढलाय कोणीतरी."

मी शाळा अर्धवट सोडली म्हणून ते मला पंडित म्हणतात. मला राग येत नाही. थोडासा येतो.

चार भाषांत चार शब्द शोधावे लागतील म्हणून मी जाडा शब्दकोश काढला आणि बघतो तर काय, सगळीकडे एकच शब्द. ओपियाट. जर्मनमध्ये ओपियाट, पोलिशमध्ये ओपियाट, रुमानियनमध्येही तेच, आमच्याकडे लिपी तेवढी वेगळी. एका आईची चार लेकरे, फक्त टोप्या निराळ्या. मी मालकांना दाखवले तेव्हा ते हसले.

"चारच का? फ्रेंचांकडे जा, स्पेनला जा, मॉस्कोला जा, हाच शब्द. पण एक सांगतो. पॅरिसमध्ये पूर्वी दात घासायच्या लेपालाही ओपियाट म्हणायचे. त्यात अफूचा कणही नसायचा."

"मग तसं का म्हणायचे?"

"शब्द आहे बाबा. डबीवर छान दिसतो."

मी दिवसभर सराव केला. 'या औषधात ओपियाट आहे. दुसरे कोणतेही ओपियाट सोबत घेऊ नये.' चार ओळी, प्रत्येक ओळ वेगळ्या भाषेत, पण मधला शब्द एकाखाली एक बरोबर येतो. दुरून पाहिले तर खांबासारखा दिसतो.

११ मे, गुरुवार

बाजारचा दिवस. मालक म्हणाले, चिठ्ठी लोकांना कळते का बघू. एक रुथेनियन बाई खोकल्याचे औषध न्यायला आली होती. मी तिला चिठ्ठी वाचून दाखवली.

"कळलं?" मालकांनी माझ्याकरवी विचारले.

"कळलं की."

"काय कळलं?"

"आत काहीतरी भारी आहे."

"भारी म्हणजे?"

"म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरात नसतं ते." आणि बाटली पदराखाली घेऊन ती निघून गेली.

मालक म्हणाले, "चला, अर्धं तर कळलं." मला बरे वाटले. सबंध चिठ्ठीत एकही चूक नव्हती.

२१ मे, रविवार

नदीपलीकडे ताईकडे गेलो. याव्दोखाताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचा नवरा तोदोर गेल्या हिवाळ्यात, आनीत्साचा जन्म होण्याआधीच, कॅनडाला गेला. तिकडे रेल्वेचे रूळ टाकतो म्हणे. त्याने मुलीला पाहिलेले नाही. त्याची पत्रे मी वाचतो आणि ताईची मी लिहितो. ताईला अक्षर येत नाही.

आनीत्सा पाच महिन्यांची झाली. असे शांत मूल मी पाहिलेले नाही. ताई आणि तिची सासू भल्या पहाटे शेतावर जातात, पोरीला बांधाच्या सावलीत झोळीत ठेवतात, ती दुपारपर्यंत हलतही नाही. शेजारणीचे पोर मात्र बेंबीच्या देठापासून ओरडत असते.

"तिला सांगितलं मी," ताईची सासू म्हणाली, "खसखशीची बोंडं उकळून पाज. तर म्हणते आमच्याकडे संपली. बोंडं संपतात होय कधी घरातली? आळशी मेली."

बोंडांची जुडी छपराखाली टांगलेली होती. आमच्या घरीही तशीच असे. लहानपणी मी बोंडे हलवून खुळखुळ्यासारखी वाजवीत असे. आई म्हणायची, तू इतका शांत होतास की आरसा नाकाशी धरून बघावं लागे. आनीत्सा माझ्यावर गेली आहे असे मी म्हणालो. ताई म्हणाली, "डोळे तरी तुझ्यावर न जावोत. बारीक टिकल्या नुसत्या."

दुपारी मक्याचा मामालिगा आणि आंबट दूध जेवलो. ताईने तोदोरला लिहायला सांगितले की पोरगी गुणाची आहे, रडत नाही.

६ जून, मंगळवार

आज अफूची नवी पेटी आली. तुर्कस्तानच्या स्मिर्ना बंदरातून जहाजाने त्रिएस्तला आणि तिथून रेल्वेने. मालकांनी ती माझ्यादेखत उघडली. आत मुठीएवढे तपकिरी गोळे, पानांत गुंडाळलेले. वास उग्र, थोडा शेणासारखा, थोडा गोड. ते गोळे विषाच्या काळ्या कपाटात गेले आणि किल्ली मालकांच्या साखळीला.

एक गोष्ट मात्र मला एकट्यालाच कळली. गोळ्यांच्या भोवती पेटीभर तीनधारी चपटे बी पसरलेले होते. मी लगेच ओळखले. ते रानचुक्याचे बी आहे. आमच्या नदीकाठी तो माजतो. म्हणजे अफू ही रानचुक्याचीच कोणती तरी तुर्की जात असणार. मालकांना विचारावेसे वाटले, पण मग ते म्हणाले असते, इतके दिवस तुला माहीत नव्हते? थोडीफार माहिती आहे म्हणाला होतास ना? मी विचारले नाही. बी ओळखता आले याचाच मला आनंद झाला.

२ जुलै, रविवार

ताईकडे. खसखस फुलून गेली आहे, परसात हिरवी बोंडे डोलत आहेत. गेल्या वर्षीची जुडी संपली म्हणून सासूने हिरवी बोंडे तोडून उकळायला टाकली होती. "कोवळं ते गुणाला जास्त," ती म्हणाली. आनीत्सा वाळली आहे. दूध ओढायलाही कंटाळते. ताईला मी तसे म्हणालो.

"उन्हाळा आहे, ओनुफ्र्या. माणसं वाळतात, पोरं नाही वाळणार?"

मी तिला स्पष्ट बजावले की नदीकाठचा रानचुका मुलीच्या तोंडात जाता कामा नये. चुकूनसुद्धा.

"रानचुक्यानं काय होतं?"

"मला माहीत आहे. दुकानातली गोष्ट आहे."

सासू म्हणाली, "ऐक गं बाई, दुकानवाला सांगतोय." तिने ते चेष्टेने म्हटले असले तरी ताईने मान हलवली. घरी येताना मला हलके वाटले. मी एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडलो.

१७ जुलै, सोमवार

दहाच्या सुमाराला ताई दुकानात आली. नाव पकडून, अनवाणी. आनीत्सा पाठीला बांधलेली. तीन दिवस हगवण, पाण्यासारखी. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली होती. उन्हाळ्यात असली पोरे रोज दहा येतात, ते म्हणाले म्हणे.

मालकांनी चिठ्ठी वाचली. थांबले. "यात अफूचा अंश आहे. हगवण बांधायला देतात, ठीक आहे, पण मूल लहान आहे. ओनुफ्री, तुझ्या भाषेत तिला नीट विचार, दुसरं कोणतं ओपियाट दिलंय का. नीट विचार हं."

मी नीट विचारले. हा भाग मी शब्दाला शब्द लिहून ठेवतो.

"ताई, आनीत्साला कोणतं ओपियाट दिलंय का?"

"ते काय असतं?"

"दुकानातलं औषध. कुलपातलं. तुर्कस्तानातून येतं, जहाजातून."

थकलेली असूनही ती हसली. "तुर्कस्तानातून माझ्या घरी काय येणार रे? कॅनडातून नवऱ्याचं पत्र येईना."

"आणि रानचुका?"

"सात महिन्यांच्या पोरीला मी चुका भरवीन?"

"मग दुसरं काही?"

"काही नाही. सासूबाई देतात तेवढं पाणी, नेहमीचं. पोटात दुखतं म्हणून रडते, तर दोनदा जास्त देतात."

"ते घरचंच," मी म्हणालो. आणि मालकांकडे वळून जर्मनमध्ये सांगितले, "दुसरं कोणतंही ओपियाट दिलेलं नाही."

त्यांनी औषध बनवले. मी चिठ्ठी लिहिली, चारही भाषांत, आणि ती माझी सर्वात चांगली चिठ्ठी झाली. ताईला वाचून दाखवली. लहान चमचा, दिवसातून तीनदा. मुलीच्या टाळूला हात लावला. ती डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहत होती.

१८ जुलै, मंगळवार

नदीवरून येणाऱ्या कोळ्याने ताईचा निरोप आणला. हगवण थांबली. पोरगी गाढ झोपली आहे. मालकांना सांगितले तर ते म्हणाले, "छान." मीही आज दोन वेळा जेवलो.

१९ जुलै, बुधवार

आनीत्सा गेली. झोपेतच. सकाळी सासू उठवायला गेली तर ओठ निळे. ताई म्हणते, ती एकदाही रडली नाही.

२३ जुलै, रविवार

काल डॉक्टर नदीपलीकडे गेले होते, दुकानाची बाटली दिलेल्या घरी मृत्यू झाला म्हणून. मालक आणि मीही गेलो, कारण डॉक्टरांना रुथेनियन येत नाही. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. किती गेले ते पाहिले. ताईने एक चमचाही जास्त दिलेला नव्हता. मग त्यांनी चिठ्ठी वाचली, चारही ओळी.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. "कोणाचं?"

मालकांनी माझ्याकडे बोट केले.

"तिला विचार, दुसरं कोणतं ओपियाट दिलं होतं का."

मी पुन्हा विचारले. ताईने पुन्हा मान हलवली. सासू कोपऱ्यात बसून देवाच्या चित्रापुढची वात नीट करीत होती. चुलीशेजारी मडके पालथे घातलेले होते. डॉक्टरांनी लिहिले, उन्हाळी हगवण, अशक्तपणा. सही केली. औषध योग्य, मात्रा योग्य, चिठ्ठी योग्य.

परत येताना नावेत मालक म्हणाले, "तुझी चूक नाही, पंडित." मी म्हणालो, "नाही." दुकानात येऊन मी लिहून ठेवलेल्या शिल्लक चिठ्ठ्या एकेक करून तपासल्या. खरेच चूक नव्हती. मग पुन्हा तपासल्या.

३० जुलै, रविवार

तोदोरला पत्र. ताई चुलीशी बसून सांगत होती, मी लिहीत होतो.

"लिही, हगवण झाली होती. लिही, डॉक्टरला दाखवलं. दुकानातलं औषध दिलं." ती थांबली. "लिही, तुझी मुलगी गुणाची होती. शेवटपर्यंत रडली नाही."

'शेवटपर्यंत' हा शब्द मी दोनदा लिहून खोडला. बरोबर होता तरी खोडला. का ते सांगता येत नाही. मग तिसऱ्यांदा तसाच लिहिला. पत्र पाठवले.

१० ऑगस्ट, गुरुवार

हे लिहायला नको, पण लिहितो.

बाजारचा दिवस. दरवर्षीप्रमाणे बायका खसखशीची बोंडे विकायला आल्या. वाळलेली बोंडे आपण घेतो, पाकात घालायला. एका गोणीत कोणीतरी हिरवी बोंडेही कोंबली होती, वजन वाढावे म्हणून. मालक वैतागले. "ही बघ लबाडी." त्यांनी एक हिरवे बोंड उचलले, नखाने ओरखडा काढला आणि माझ्यासमोर धरले. ओरखड्यातून पांढरा चीक आला. थोड्या वेळाने तो पिवळा झाला, मग तपकिरी.

"वास घे," ते म्हणाले, सहज, दुसरीकडे बघत. "ओळख पाहू."

मी वास घेतला. काळ्या कपाटाचा वास.

"पण मालक," मी म्हणालो, "रानचुका?"

"कसला रानचुका?"

"पेटीतलं बी."

ते हसले. "अरे, ते गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून टाकतात. गवत भरतात तसं. अफू या बोंडाची. त्यांच्या तिकडच्या बोंडात जोर जास्त, आपल्या इकडच्यात कमी, पण कोवळ्या बोंडात असतोच. इतके दिवस तू…"

मग ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचे हसू हळूहळू गेले. बोंड त्यांनी गोणीत टाकले आणि हात रुमालाला पुसले, पुन्हा पुन्हा.

"घरी देत होते?" त्यांनी विचारले.

"रोज. जन्मल्यापासून."

"आणि त्या आठवड्यात?"

"दोनदा जास्त. हिरव्या बोंडांचं."

दुकानात गिऱ्हाइके होती. मालकांनी त्यांना बाहेर काढले आणि भर बाजारच्या दिवशी दाराला कडी लावली.

११ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी मालक म्हणाले, "तू मला विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला कळलं असतं की मला काही येत नाही."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, गाढवा." मग ते खुर्चीत बसले. "आणि मी? तीस वर्षं या बायकांकडून बोंडं घेतोय. पोरांना पाजतात हे या गावात कोणाला माहीत नाही? मला माहीत होतं. मला वाटलं, त्यांनाही माहीत असेल की हे तेच. ओपियाट म्हटलं की कळेल. सगळ्या युरोपाला कळतं."

मी म्हणालो, चिठ्ठी बदलू.

"हुकमात शब्द ठरवून दिलाय."

"शब्द राहू दे. खाली एक ओळ वाढवू."

"काय लिहिशील?"

"खसखस."

ते उठले, खिडकीशी गेले. "दाखला झालाय, ओनुफ्री. हगवण म्हणून लिहिलंय. आता हे लिहिलंस की लोक विचारतील, आजच का? डॉक्टर विचारतील. कचेरी विचारेल. दुकान जाईल. आणि तुझी बहीण? तिला तू काय सांगणार? की तुझ्या सासूनं एका बाजूनं आणि तुझ्या भावानं दुसऱ्या बाजूनं…"

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मी केले, मनात. भाषेच्या दृष्टीने ते अगदी सरळ वाक्य होते.

तिला न सांगणे दयेचे होईल का? मी दिवसभर असेच म्हणत राहिलो. मग आठवले की शेजारणीचे पोर अजून ओरडत असते आणि तिच्याही परसात यंदा बोंडे आली आहेत.

१२ ऑगस्ट, शनिवार

मी ओळ लिहिली. 'हे औषध खसखशीच्या बोंडांच्या चिकाचे आहे. मुलाला बोंडांचे पाणी दिले असेल तर हे देऊ नये. बोंडांच्या पाण्यातही हेच असते.' शब्दकोश काढावा लागला नाही. आमच्याकडे खसखशीला माक म्हणतात. पोलिशमध्ये माक. रुमानियनमध्ये माक. फक्त जर्मन निराळे. हाही एकच शब्द, आणि हा मला चालायला लागायच्या आधीपासून येत होता.

मालकांनी ओळ वाचली. फाडली नाही. मग टाक घेऊन खाली स्वतःची सही केली आणि आतल्या खोलीत निघून गेले.

१४ ऑगस्ट, सोमवार

आज माकोवेय. खसखशीचा सण. गावोगावच्या बायका बोंडांच्या जुड्या, पुदिना आणि झेंडू बांधून चर्चला नेतात, पाद्री त्यांवर पवित्र पाणी शिंपडतो, आणि ती जुडी वर्षभर देवाच्या चित्रामागे राहते. मी लहानपणी आईची जुडी धरून उभा राहत असे.

ताईच्या गावच्या चर्चच्या पायऱ्यांवर मी चिठ्ठी घेऊन उभा राहिलो. पाद्री अजून आत होता. बायका बाहेर बसल्या होत्या, मांडीवर जुड्या. मी म्हणालो, मला काही वाचून दाखवायचे आहे.

"काय रे, पाद्र्याचं काम तू घेतलंस का?" एकीने विचारले.

मी वाचले. चारही ओळी नाही, फक्त आमची. बायका हसल्या.

"अरे, माझ्या आजीनं आईला पाजलं, आईनं मला पाजलं. मी मेले का?"

"तुझी अक्कल कुठं गेली, ते आज कळलं गं!" दुसरी म्हणाली.

"आणि आज, सणाच्या दिवशी, देवाच्या दारात सांगतोस? हे पवित्र असतं. ते तुझं दुकानातलं विष निराळं."

"निराळं नाही," मी म्हणालो. "तेच आहे. मी वास घेतला."

शेजारणीने कडेवरचे पोर एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतले. ती हसत नव्हती.

ताई मागे उभी होती. काळा रुमाल, हातात जुडी. तिच्या बाजूला सासू. ताई पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आली.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले. हळू वाचले. बोंडांचे पाणी, मुलाला. ती ओठ हलवत प्रत्येक शब्द ऐकत होती, मी पत्र वाचतो तेव्हा ऐकते तशी.

"त्या दिवशी दुकानात तू मला विचारलंस ते हेच?"

"हो."

"हेच? तुर्कस्तानातून येणारं?"

"हो, ताई. मला तेव्हा माहीत नव्हतं."

मागे सासू पायरीवर बसली. कोणी तिला धरले नाही. तिने आपली जुडी उचलली आणि पाहत राहिली. बोंडे तिच्या हातात बारीक खुळखुळत होती.

ताई माझ्याकडेच पाहत होती. ओरडली नाही. मला मारले असते तर बरे झाले असते.

"खसखस म्हणायचं होतंस, ओनुफ्र्या," ती म्हणाली. "दोनदा विचारलंस. एकदा तरी खसखस म्हणायचं होतंस. मी सांगितलं असतं."

घंटा झाली. पाद्री बाहेर आला आणि त्याने सगळ्या जुड्यांवर पाणी शिंपडले, ताईच्याही. माझ्या कागदावर थेंब पडून एक ओळ पसरली. प्रार्थना संपल्यावर ताईने ओली जुडी माझ्या हातात दिली.

"ही मी घरी नेणार नाही. देवाची आहे, फेकताही येत नाही. तू ने. त्या तुझ्या कपाटात ठेव आणि कुलूप लाव."

१५ ऑगस्ट, मंगळवार

मालकांनी काही न विचारता साखळीवरची किल्ली काढून दिली. कपाटात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लागते, नियमच आहे. मी चिठ्ठी कापली, कडा सरळ केल्या, गोंद लावला. एकच शब्द लिहिला, आमच्या भाषेतला. जुडी गोळ्यांच्या शेजारी ठेवली. झेंडू अजून ओला होता.

ताईचा निरोप आला आहे. रविवारी ये, तोदोरला दुसरे पत्र लिहायचे आहे. कोळी म्हणाला, तिने आणखी एक सांगितले. सोप्या शब्दांत लिहायला कागद जास्त लागला तरी चालेल म्हणे.